उताराचा हिशेब

कोल्हापूरहून गगनबावड्याला निघालेला रस्ता कळे, साळवण मागे टाकत उसाच्या फडांमधून जातो. वाटेत गुऱ्हाळं लागतात, भाताची खाचरं लागतात. चढ असतो, पण इतका सावकाश की गाडीला तो फारसा जाणवत नाही. गगनबावड्याची बाजारपेठ ओलांडली की समोरची जमीन एकदम संपते आणि खाली कोकण पसरलेलं दिसतं. उतरायला इथून दोन घाट आहेत, एक करूळचा आणि एक भुईबावड्याचा. कुठल्याही घाटाने गेलं तरी पहिल्या दोन-तीन वळणांतच हवा बदलते, काचेवर दमटपणा येतो, कानांना दडे बसतात आणि मागच्या सीटवरची पोरं गप्प होतात.

देशावरून येणाऱ्याला सह्याद्री असाच भेटतो. तो डोंगर चढून आलेला नसतो; पठारावरून रमतगमत येतो आणि थेट कड्यावर उभा राहतो. कोकणातून वर येणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला ती भिंत तासभर आधीपासून दिसत असते. तो चहा पिऊन घेतो, रेडिएटरचं पाणी बघतो, लहानग्यांना आवळासुपारी देतो. चढणाऱ्याला डोंगर आधी कळवून येतो, उतरणाऱ्याला तेवढी मुदत मिळत नाही. घाटरस्त्यांवरचे गाजलेले अपघात एकापुढे एक मांडले, तर त्यांतले बरेचसे उतरणीवरचे निघतात. निदान त्यामागचं एक कारण तरी या भूगोलात आहे.

या भिंतीचं मूळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात आहे. थरावर थर साचत गेले आणि दख्खनचं पठार झालं. त्याची पश्चिमेची कड झिजत, तुटत आज दिसते तशी उभी राहिली. काळ्या पाषाणाचा एक थर, मध्येच तांबड्या मऊ मातीचा पट्टा, त्यावर पुन्हा पाषाण. घाटातून जाताना कापलेल्या डोंगराच्या अंगावर हे पट्टे स्वच्छ दिसतात. पावसाचं पाणी पाषाणाच्या भेगांतून मुरतं, मऊ थरावर येऊन अडतं आणि वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. पर्यटक ज्याला धबधबा म्हणतो, ती बऱ्याचदा हीच जागा असते. बांधकाम खात्याचा माणूस तिच्याकडे बघून दरडीचा अंदाज घेतो.

माणसं आणि बैल या भिंतीवरून दोन हजार वर्षं तरी ये-जा करताहेत. नाणेघाटातला सातवाहनकालीन शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण त्याची साक्ष देतात. पण बैलाच्या पायवाटेला चढ कितीही असला तरी चालतो, चाकाला चालत नाही. बोरघाटातून चाकाच्या गाड्या नेता येतील असा रस्ता १८३० मध्ये खुला झाला, तेव्हा सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर होते. हा घाट म्हटला की शिंग्रोबाचं नाव निघतंच. डोंगरातून वाट कुठून जाईल हे साहेबाला उमगेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने ती दाखवली, आणि बक्षीस काय हवं म्हणून विचारल्यावर देशाचं स्वातंत्र्य मागितलं म्हणून त्याला गोळी घातली, अशी आख्यायिका आहे. खोपोलीहून वर चढणाऱ्या जुन्या रस्त्यावर त्याचं देऊळ आहे. ट्रकवाले तिथे वेग कमी करून नाणं टाकतात. श्रद्धा असो नसो, एका अवघड जागी गाडी हळू होते, हा त्या देवळाचा रस्त्यावरचा उपयोग कुठल्याही पाटीपेक्षा मोठा आहे.

घाटात गाडी चालवण्याचं सुख नेमकं कशात असतं? निसर्गात असतं असं बहुतेक जण सांगतील, पण ते बाजूच्या सीटवरच्यांचं सुख. चालवणाऱ्याला निसर्ग बघायला फुरसत नसते. त्याचं सुख हातापायांत असतं. सपाट हमरस्त्यावर पाचवा गिअर टाकून तासन्‌तास बसलेला माणूस घाट लागला की सावरून बसतो. वळण येण्याआधी वेग उतरवायचा, गिअर खाली घ्यायचा, वळणात ब्रेकला हात-पाय न लावता गाडी ओढत न्यायची आणि रस्ता सरळ होताना पुन्हा दाब द्यायचा. हा क्रम जमला की इंजिनाचा आवाज एका पट्टीत राहतो, मागे झोपलेल्या आजी जाग्या होत नाहीत आणि चालवणाऱ्याला कोणी न दिलेली शाबासकी मिळते. एसटीचे जुने चालक आंबा घाटातून अशी गाडी नेतात की उभ्या प्रवाशालाही दांडी घट्ट धरावी लागत नाही.

आणि हो, गाडी लागते ती प्रवाशांना, चालवणाऱ्याला सहसा नाही. आतला कान सांगतो की आपण वळतोय, डोळे मोबाइलवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर खिळलेले. दोघांची साक्ष जुळत नाही म्हणून पोट ढवळतं. ड्रायव्हरला वळण आधीच दिसलेलं असतं, त्याचं शरीर तयार असतं. ज्याला फार लागते त्याला स्टिअरिंगवर बसवा, हा उपाय वाटतो विनोदी, पण शास्त्राला धरून आहे. लायसन्स असलं म्हणजे झालं.

घाटाचा एक शिष्टाचार आहे, आणि त्यातला थोडा कायद्यातही उतरला आहे. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचं, हा त्यातला मुख्य नियम. कारण साधं आहे. भरलेला ट्रक चढावर एकदा थांबला की पुन्हा उचलताना हाफ क्लचवर रडतो, मागे सरकतो, क्लच प्लेट जाळतो. नवख्यांना हे नेरळ–माथेरान रस्त्यावर कळतं. तिथल्या टॅक्सीवाल्यांच्या गाड्या दिवसभर सुसाट वर-खाली करतात आणि शनिवार-रविवारी आलेल्या चकचकीत गाड्या दस्तुरी नाक्याच्या अलीकडे, जळक्या क्लचचा वास सोडत, बॉनेट उघडून उभ्या दिसतात. दुसरा नियम असा की अवघड वळणावर मोठ्या गाडीला सगळा रस्ता लागतो. बस किंवा कंटेनर यू वळण घेताना समोरच्या बाजूला येतोच, त्याला इलाज नाही. छोट्या गाडीने वळणाच्या अलीकडे थांबून त्याला निघू द्यायचं असतं. हॉर्न देऊन त्याच्या अंगावर जाणाऱ्याला हे माहीत नसतं, किंवा माहीत असूनही घाई असते.

रात्रीचा घाट दिवसापेक्षा सोपा, असं काही मुरलेले चालक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. दिवसा आंधळ्या वळणापलीकडून कोण येतंय ते कळायला हॉर्नशिवाय साधन नसतं. रात्री समोरून येणाऱ्याचा प्रकाश त्याच्या आधी येतो, कातळावर पडतो, झाडाच्या शेंड्यांवर सरकतो. डिपर मारला की दोघांची ओळख पटते. धुक्यात मात्र हा सगळा हिशेब उलटतो. आंबोलीत जुलैमध्ये लांबचा दिवा लावला तर समोर पांढरा पडदा उभा राहतो. दिवे खाली घेऊन साइडपट्टीची पांढरी रेघ धरून जावं लागतं. एक धोका मात्र रात्री आणि दिवसाही सारखाच. चढावर बंद पडलेल्या ट्रकचा क्लीनर चाकामागे मोठाले दगड लावतो. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो, दगड तिथेच राहतात. दुचाकीवाल्याला ते वळणावर भेटतात.

हे झालं चढाचं आणि वळणांचं. घाटाचा खरा मामला उताराचा आहे, आणि तो जरा बारकाईने पाहावा लागतो.

चाळीस टन वजनाचा ट्रक खंडाळ्याहून खोपोलीला उतरतो तेव्हा तो साधारण पाचशे मीटर खाली येतो. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, ती कुठे तरी जिरवावी लागते. तिची उष्णता केली तर सुमारे सहाशे लिटर पाणी उकळेल. ड्रायव्हरने सगळा उतार नुसत्या ब्रेकवर काढला तर ही उष्णता चाकांतल्या ड्रममध्ये जाते. तापलेला ड्रम प्रसरण पावतो, लायनरला त्याच्यापर्यंत पोचायला जास्त अंतर कापावं लागतं, आणि लायनरची पकडही तापल्यावर घटते. पाय तोच, दाब तोच, पण गाडी थांबेनाशी होते. छोट्या गाडीत वेगळाच प्रकार होतो. ब्रेक ऑइल वर्षानुवर्षं बदललेलं नसेल तर त्यात हवेतला ओलावा मुरलेला असतो. लांब उतारावर ते तापून उकळतं, नळीत वाफ होते आणि पॅडल फरशीपर्यंत जातं. मग पोलिसांच्या कागदावर 'ब्रेक फेल' असं लिहिलं जातं. तो ब्रेक गॅरेजमधून निघताना उत्तम असू शकतो, घाटाच्या माथ्यावरसुद्धा उत्तम असू शकतो.

यावरचा उपाय ट्रकइतकाच जुना आहे: ज्या गिअरमध्ये चढावं लागेल त्याच गिअरमध्ये उतरावं. खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणापुरता लागतो. मोठ्या गाड्यांना त्याच्या जोडीला एक्झॉस्ट ब्रेक असतो, महागड्या बसना रिटार्डर असतो. वेगाचं गणितही लक्षात ठेवण्यासारखं आहे. ताशी चाळीसऐवजी साठने उतरलं तर वेग दीडपट होतो, पण थांबवायची ऊर्जा सव्वादोनपट.

आणि तरीही न्यूट्रल. उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकायची, काही जण तर चावी फिरवून इंजिनच बंद करतात. डिझेल वाचतं, ही समजूत. मालकाने फेरीमागे डिझेल बांधून दिलेलं असतं, वाचेल ते ड्रायव्हरचं. अशा व्यवहारात या समजुतीला चांगलंच बळ मिळतं. आजच्या गाड्यांत हा हिशेब निम्मा चुकीचा आहे. गिअरमध्ये उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंधनाचा पुरवठा इलेक्ट्रॉनिक यंत्रणाच तोडते, चाकं इंजिनाला फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच असतं. इंजिन पूर्ण बंद केलं तर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो. टाकीत उरलेली हवा चार-सहा वेळा ब्रेक दाबण्यात संपते.

२० नोव्हेंबर २०२२, रविवारची संध्याकाळ. कात्रजच्या नव्या बोगद्यातून पुण्याकडे उतरणाऱ्या एका ट्रकने नवले पुलाजवळ ४८ गाड्यांना धडक दिली. ब्रेक निकामी झाल्याची बातमी आधी आली. तपासात पुढे आलं ते हे की उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडलेली होती. त्याच भागात १३ नोव्हेंबर २०२५ रोजी कंटेनरच्या धडकेनंतर आग लागली आणि आठ जणांचा बळी गेला. हा रस्ता पाहिला तर कोणीही त्याला घाट म्हणणार नाही. रुंद आहे, बऱ्यापैकी सरळ आहे, दोन्ही बाजूंना इमारती आहेत, हॉटेलं आहेत. दरी नाही, नागमोडी वळण नाही, 'घाट सुरू' अशी पाटी वाचून मन सावध व्हावं असं काही नाही. पण दरी पुलापासून नवले पुलापर्यंत जमीन सतत उतरत असते, आणि साताऱ्याकडून आलेला ट्रक त्या आधी खंबाटकी उतरून, पुन्हा चढून, बोगद्यातून बाहेर पडलेला असतो. घाट संपला असं ड्रायव्हरला वाटतं, उतार मात्र संपलेला नसतो.

धुळे जिल्ह्यातल्या पळासनेरची गोष्टही याच जातीची. मुंबई–आग्रा महामार्ग मध्य प्रदेशातून बिजासन घाट उतरून शिरपूर तालुक्यात येतो. ४ जुलै २०२३ रोजी एक कंटेनर तिथे गाड्यांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरला आणि किमान दहा माणसं दगावली. त्यांतले काही जण नुसते बसची वाट बघत उभे होते. ज्यांनी त्या दिवशी घाटात पाऊलही टाकलं नव्हतं, त्यांना घाटाने मारलं. पायथ्याच्या गावांना हा धोका नवा नाही. घाट जिथे संपतो तिथेच थांबा असतो, टपरी असते, शाळेची पोरं रस्ता ओलांडतात.

रेल्वेने हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी कसा हाताळला ते पाहण्यासारखं आहे. बोरघाटातली लोहमार्गाची चढण १८६३ मध्ये सुरू झाली, थळघाटातली १८६५ मध्ये. दोन्हीकडे सर्वांत तीव्र चढ सदतिसास एक, म्हणजे तीन टक्क्यांच्याही आत. घाटरस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची सर्वसाधारण मर्यादा पाच टक्क्यांची आहे, नाइलाज असेल तिथे सात. म्हणजे रेल्वेचा घाट रस्त्याच्या घाटापेक्षा बराच सौम्य. तरीही रेल्वेने कर्जतहून लोणावळ्याला आणि कसाऱ्याहून इगतपुरीला गाड्या चढवायला मागून जादा इंजिनं लावली, उतरताना ब्रेकची तपासणी घातली आणि वाटेत कॅच सायडिंग बांधल्या. गाडी ताब्यात राहिली नाही तर तिला मुख्य मार्गावरून काढून चढावर नेऊन थांबवणारा हा फाटा. ब्रेक कधी ना कधी दगा देणार, हे रेल्वेच्या इंजिनिअरांनी गृहीत धरलं होतं. रस्ता बांधणारे मात्र ड्रायव्हर चुकणार नाही असं गृहीत धरतात आणि चुकला की त्याच्यावर गुन्हा दाखल होतो. सुटलेला ट्रक वाळू-खडीच्या चढावर शिरून थांबेल असे उतरणीचे रॅम्प आपल्याकडे फार कमी ठिकाणी दिसतात. त्यांना लागते ती जागा आणि थोडी खडी. घाटात कॅमेरे लावायला जी तत्परता दिसते, तिच्या निम्मीही इथे दिसलेली नाही. कॅमेरे वाईट नाहीत, पण ब्रेक गेलेल्या ट्रकला दंडाची पावती थांबवू शकत नाही.

पावसाळ्यात घाटाचे धोके बदलतात आणि नेमके तेव्हाच माणसांचे लोंढे तिकडे वळतात. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. त्याआधी २०२१ च्या जुलैतल्या त्या भयंकर आठवड्यात महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलीमीटर पडला होता. आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी खचून वाहून गेला आणि पोलादपूरकडून महाबळेश्वरला जाणं बराच काळ बंद झालं. एवढं पाणी काही तासांत डोंगरावरून उतरतं तेव्हा रस्ता ही त्याच्या वाटेतली एक आडवी पायरी असते. रस्ता रुंद करायला डोंगराचा पाय कापलेला असेल, मोरी पालापाचोळ्याने तुंबलेली असेल, तर दरड येते. चिपळूणजवळचा परशुराम घाट चौपदरीकरणाच्या काळात असाच सतत बातम्यांत होता. २०१५ च्या जुलैत मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दगड गाडीवर कोसळून माणसं गेली, त्यानंतर तिथल्या कातळांवर जाळ्या आल्या. भोर–महाड रस्त्यावरचा वरंधा घाट तर पावसाळ्यात बंद ठेवण्याचे आदेश जवळपास दरवर्षी निघतात. आदेशाचा कागद आणि अर्धवट सरकवलेलं बॅरिकेड या दोहोंना वळसा घालून जाणारेही दरवर्षी असतातच.

शनिवारी दुपारी माळशेज किंवा ताम्हिणी पाहावा. धबधब्याच्या वळणावर दोन्ही बाजूंना गाड्या, मध्ये मक्याची कणसं आणि कांदाभजी, रस्त्यात पाठमोरी उभी राहून सेल्फी घेणारी मंडळी, आणि या सगळ्यातून वाट काढणारी एसटी. चालक अर्धा तास पहिल्या गिअरमध्ये असतो. या गर्दीची चेष्टा करणं सोपं आहे; पण शहरातल्या गर्दीत आठवडा काढलेल्या माणसाला पावसात भिजावंसं वाटलं तर त्याला दोष कशाला द्यायचा? धोका धबधब्याचा कमी आणि गाडी कुठे उभी केली याचा जास्त. वळणाच्या तोंडाशी लावलेली एक गाडी मागून येणाऱ्याला चुकीच्या बाजूला ढकलते. घाटात ठरावीक अंतरावर चार गाड्या थांबतील अशी जागा असली तर निम्मा प्रश्न सुटेल, आणि ती करायला डोंगर कापायची गरज नाही, जुन्या वळणांच्या तुटलेल्या पोटात ती आयती मिळते.

माणसांव्यतिरिक्त इतरांचीही ये-जा इथून असते. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि तिथला एक भेक जगात दुसरीकडे कुठे सापडत नाही. पहिल्या पावसात बेडूक, साप, खेकडे रस्त्यावर येतात आणि रात्रीच्या गाड्यांखाली जातात. गोव्याला निघालेल्याला ते दिसतही नाहीत. हळू जाणाऱ्यालाच दर सात वर्षांनी कारवी फुललेली दिसते, आणि पहाटे खिडकी उघडी असेल तर शीळ घालणारा कस्तुर ऐकू येतो. वेग कमी ठेवण्याचं असंही एक व्याज मिळतं.

गाडी दरीत गेल्यावर काय होतं, ते घाटाखालच्या आणि माथ्यावरच्या गावांतल्या पोरांना ठाऊक असतं. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस आंबेनळी घाटात कोसळली. वाचलेला एकच माणूस दरी चढून वर आला, त्याने फोन केला तेव्हा जगाला कळलं. खाली उतरले ते महाबळेश्वर ट्रेकर्ससारख्या संस्थांचे कार्यकर्ते, दोर बांधून, पावसात, शेवाळलेल्या कातळावरून. १५ एप्रिल २०२३ ला पहाटे गोरेगावच्या झांज-ढोल पथकातल्या तरुणांची बस पुण्याकडून परतताना जुन्या बोरघाटात, त्याच शिंग्रोबाच्या देवळाजवळ दरीत गेली, तेरा जण मृत्युमुखी पडले. तिथेही खोपोलीची आणि लोणावळ्याची गिर्यारोहक मंडळी उतरली. यशवंती हायकर्स, शिवदुर्ग मित्र ही नावं त्या भागात पोलिस ठाण्याइतकीच ओळखीची आहेत. दुकान, नोकरी, शेती सांभाळून ही मुलं फोन आला की निघतात. त्यांच्याकडे दोर, स्ट्रेचर, हेल्मेट असतात ते बहुधा देणगीतून. सुटीच्या आदल्या रात्री, भरलेल्या खासगी बसने, झोपेच्या ऐन वेळी अनोळखी घाट उतरणं हे त्यांनी उचललेल्या कित्येक देहांमागचं समान सूत्र आहे. ड्रायव्हर पुढच्या सकाळी नवीन फेरीवर जाणार असतो, त्याला झोपायला जागा कोणी दिलेली नसते.

आता घाटच टाळण्याचे दिवस आहेत. द्रुतगती मार्गावर जिथे अमृतांजन पुलाच्या खांबांमुळे रस्ता आक्रसायचा, तो १८३० चा पूल ५ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, सुरुंग लावून पाडला. कशेडीच्या घाटाला सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्यांचा पर्याय आला, आणि गणपतीला गावी निघालेल्या मुंबईकराचा पोलादपूर–खेडमधला अर्धा-पाऊण तास काही मिनिटांवर आला. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, त्यातल्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाट ज्याला नको त्याला नको. द्रुतगती मार्गाच्या 'मिसिंग लिंक'मध्ये तर एक बोगदा नऊ किलोमीटरला थोडाच कमी आहे. कशेडीच्या जुन्या रस्त्यावर चहा-वडापाव विकून घर चालवणाऱ्यांनी या बातम्या कशा वाचल्या असतील, ते वेगळं सांगायला नको.

बोगदा वळणं खातो, पण उंची तर तीच राहते. वर तेवढंच आणि खाली तेवढंच; मधला उतार आता सरळ, गुळगुळीत, वेगाला आमंत्रण देणारा. खंबाटकीचा पुण्याकडचा जुना बोगदा संपल्यावर येणाऱ्या एस वळणाने याची किंमत बरीच वर्षं वसूल केली. नवले पुलाचा उतारही बोगद्यापुढचाच. ज्या रस्त्यावर घाबरायला काही नाही तिथे ड्रायव्हर पाय ब्रेकवर ठेवत नाही आणि गिअरही उतरवत नाही. करूळच्या घाटात एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला कठडा असताना कोणी न्यूट्रलला गाडी सोडायला सहजासहजी धजत नाही.

उताराच्या या हिशेबात अलीकडे एक नवा स्तंभ उघडला आहे. एसटीच्या विजेवर चालणाऱ्या ई-शिवनेरी बस २०२३ पासून पुणे–ठाणे मार्गावर बोरघाटातून धावतात. विजेची गाडी उतरताना तिची मोटर उलटी, म्हणजे जनित्रासारखी चालते. ब्रेकच्या ड्रममध्ये जळून गेली असती त्यातली काही ऊर्जा बॅटरीत परत जमा होते. अठरा टनांची बस पाचशे मीटर उतरते तेव्हा हिशेबाने चोवीसेक युनिट मोकळी होतात. सगळी परत मिळत नाहीत, पण घाट उतरताना चार्जचा आकडा वाढताना पाहणं हा जुन्या चालकांसाठी अजब अनुभव आहे. खासगी ईव्ही घेऊन लोणावळ्याला जाणाऱ्यांना यातली मेख मात्र बऱ्याचदा कोणी सांगत नाही. माथ्यावरच्या हॉटेलात रात्रभर लावून बॅटरी शंभर टक्के भरली आणि सकाळी लगेच खोपोलीकडे उतरलं, तर भरलेल्या बॅटरीत आणखी वीज मावत नाही. मोटर गाडीला धरून ठेवायचं जवळपास सोडते, एरवी पाय काढताच हळू होणारी गाडी मोकळी धावू लागते आणि सगळा भार पुन्हा साध्या ब्रेकवर येतो. अशा वेळी चार्जर ऐंशी-नव्वदवर काढून ठेवायचा आणि राहिलेलं घाटाकडून भरून घ्यायचं.